रिस्टार्ट करून बघितलं का?

ऑफिसात बॉसच्या खालोखाल सगळ्यात जास्त शिव्या कोण खातो? सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर! खडूस, आखडू, स्वतःला शहाणा समजणारा आणि नेमका हवा तेव्हा जागेवर नसणारा. ही इमेज त्याला चिकटली कशी? आणि ती आपल्यालाच महागात कशी पडते?

सोमवार, सकाळचे दहा चाळीस. अकराला क्लायंटचा कॉल आहे. प्रेझेंटेशन शेअर्ड ड्राइव्हवर आहे आणि शेअर्ड ड्राइव्ह उघडत नाहीये. स्क्रीनवर ते चक्र गोल गोल फिरतंय. तुम्ही एंटर मारता. मग जरा जोरात एंटर मारता (कीबोर्डला लागलं की सर्व्हरला कळतं, अशी आपली एक भोळी श्रद्धा असते). शेजारच्याला विचारता, ‘तुझं चालतंय का रे?’ त्याचं मजेत चालत असतं, त्यामुळे आणखीच डोकं फिरतं. शेवटी एक्स्टेन्शन फिरवता. आठ रिंगा वाजतात आणि मग तो निवांत आवाज येतो, ‘रिस्टार्ट करून बघितलं का?’

‘हो, केलं ना!’ तुम्ही ठोकून देता.

तो वर येतो, माऊस हातात घेतो, टास्क मॅनेजर उघडतो आणि एका आकड्यावर बोट ठेवतो. मशीन शेवटचं सुरू झालं त्याला तेवीस दिवस झालेत. तो काही बोलत नाही, नुसता बघतो. त्याचं ते बघणं आपल्याला दिवसभर पुरतं.

आता यातली गंमत ऐका. तुम्ही खोटं बोलला नसालही. रोज संध्याकाळी तुम्ही इमानेइतबारे ‘शट डाऊन’ करत असाल, तरी तो आकडा तेवीसच राहू शकतो. कारण २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून बहुतेक मशीनवर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आपोआप चालू असते. सकाळी मशीन झटपट उघडावं म्हणून शट डाऊन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलतं. म्हणजे कालचा गोंधळही जपून ठेवला जातो! ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. अडकलेले प्रोग्राम सुटतात, नेटवर्कची जोडणी नव्याने होते, अर्धवट लटकलेले अपडेट बसतात. त्यामुळे तुम्ही म्हणता ‘मी बंद करून चालू केलं’ आणि तो म्हणतो ‘नाही केलं’, तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकता. त्याने हे एकदा समजावून सांगितलं असतं तर? आणि आपण एकदा विचारलं असतं तर? पण तसं होत नाही. तो मनात म्हणतो, थापाड्या. आपण मनात म्हणतो, खडूस.

बरं, त्याचं नाव काय? खरं सांगा! आपल्या मोबाइलमध्ये तो ‘आयटी ऑफिस’ किंवा ‘आयटी नवीन’ म्हणून सेव्ह असतो. त्याला ‘ॲडमिन’ म्हणावं तर आपल्याकडे ॲडमिन म्हणजे एसी, चहाचं मशीन आणि रात्रीची कॅब बघणारं डिपार्टमेंट. म्हणून मग तो होतो ‘आयटीवाला’, दूधवाला-पेपरवाल्याच्या चालीवर. दूधवाल्याची आठवणही दूध आलं नाही की मगच येते.

नरकातून आलेला ऑपरेटर

ही इमेज काही आपल्याच ऑफिसात तयार झालेली नाही. तिला चांगला तीस वर्षांचा इतिहास आहे. न्यूझीलंडच्या सायमन ट्रावाल्या नावाच्या गृहस्थाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बास्टर्ड ऑपरेटर फ्रॉम हेल’ नावाच्या कथा लिहायला घेतल्या. नरकातून आलेला हलकट ऑपरेटर! कोणी फोन करून म्हणावं की डिस्कवर जागा कमी पडतेय, तर हा त्याचं युजरनेम विचारणार आणि त्याच्या सगळ्या फायली उडवून टाकणार. घ्या, झाली जागा! बिघाड का झाला असं विचारलं तर याच्या टेबलावर चक्क सबबींचं कॅलेंडर. त्यातली आजच्या तारखेची सबब काढायची आणि फोनवर वाचून दाखवायची. जगभरातल्या ॲडमिननी या कथा डोक्यावर घेतल्या, कारण जे त्यांना प्रत्यक्षात कधीच करता येणार नव्हतं ते हा पठ्ठ्या बिनधास्त करत होता.

मग टीव्हीचा नंबर लागला. अमेरिकेत १९९९ पासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये जिमी फॅलन ‘निक बर्न्स’ नावाचा कंपनीचा कॉम्प्युटरवाला करायचा. समोरच्याला खुर्चीवरून उठवायचं, त्याची अक्कल काढायची आणि दोन मिनिटांत काम करून निघून जायचं, ही त्याची खासियत. २००६ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर ‘द आयटी क्राउड’ आली. एका चकाचक कंपनीच्या तळघरात कोंबलेले दोन टेक्निशियन, आणि फोन उचलल्याबरोबर तोच आपला रिस्टार्टचा प्रश्न. ही मालिका बघून युजर हसले आणि ॲडमिनही हसले. फक्त दोघं वेगवेगळ्या माणसाला हसत होते.

कारण त्यांच्याकडे आपल्यावरचे जोक तयार असतातच. ‘आय-डी-टेन-टी एरर आहे’ असं आयटीवाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला तर मान डोलवू नका. आय, डी, एक, शून्य, टी हे इंग्रजीत सलग लिहा आणि वाचा. काय झालं? ‘इडियट’! तसंच नेटवर्कच्या शास्त्रात सात थर सांगतात, त्यामुळे ‘आठव्या थराचा प्रॉब्लेम’ म्हणजे खुर्चीवर बसलेले तुम्ही.

राग उगाच येत नाही

आता मी काही आयटीवाल्यांची वकील नाही. आपल्या तक्रारीही खऱ्या असतात. २००५-०६ च्या सुमारास नोकरीला लागलेल्यांना विचारा. सकाळी ऑर्कुट चालू होतं, लंचनंतर बंद. कोणी बंद केलं? ‘त्याने.’ मग याहू मेसेंजर गेला, मग क्रिकेटचा स्कोअर गेला. ऑर्कुट २०१४ मध्ये आणि याहू मेसेंजर २०१८ मध्ये खरोखरच बंद पडले, पण ‘त्याने’ मात्र अजून माफी मिळवलेली नाही. वास्तविक ब्लॉक करायच्या साइट्सची यादी बहुतेक वेळा एचआर आणि मॅनेजमेंट ठरवतात. कळ फक्त तो दाबतो. फाशी देणाऱ्या जल्लादाला सगळे ओळखतात, न्यायाधीशाचं नाव कोणाला आठवतं?

पासवर्डचंही तसंच. दर नव्वद दिवसांनी नवा पासवर्ड, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. मग आपण काय करतो? ‘गणपती@१’, ‘गणपती@२’, ‘गणपती@३’. या छळामागचा एक मोठा हात सापडला आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डबद्दलच्या सूचना लिहिल्या आणि जगभरच्या कंपन्यांनी त्या वेदवाक्य मानल्या. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या बर यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनेही नियम बदलला. पासवर्ड फुटल्याचा काही पुरावा नसेल तर उगाच मुदतीने बदलायला लावू नका. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या शिफारशींतून ही मुदत काढून टाकली.

मग तुमच्या ऑफिसात अजून नव्वद दिवस का? कारण ऑडिटरच्या यादीत तो रकाना आहे, किंवा क्लायंटच्या करारात तसं लिहिलंय. तुमच्या आयटीवाल्याला हे सगळं बहुधा ठाऊक असतं. तोही वैतागलेला असतो. पण तुमच्या स्क्रीनवर येणाऱ्या त्या सूचनेखाली सही ‘आयटी टीम’ची असते, ऑडिटरची नाही.

बोलण्याची पद्धत मात्र पूर्णपणे त्याचीच. चारचौघांत अक्कल काढायची, तीही अशा आवाजात की पलीकडच्या रांगेतल्या तिघांनी माना वळवाव्यात, हे कोणत्याही ऑडिटरने शिकवलेलं नसतं. त्याची किंमत मी मोजलेली आहे, म्हणून सांगते.

माझा सव्वाअकराचा घोळ

जुलै २०२३. मी तेव्हा अंधेरीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्सला होते. आधीच्याच आठवड्यात माझा मॉनिटर काळा पडला होता. आयटीवाल्याला बोलावलं. त्याने टेबलाखाली वाकून बघितलं, भिंतीवरचं बटण दाबलं आणि म्हणाला, ‘मॅडम, मॉनिटरलाही स्विच असतो.’ हाउसकीपिंगच्या मावशींनी पुसताना तो बंद केला होता, माझा काय दोष? पण अख्खा बे हसला. पुढचे चार दिवस जो तो येता-जाता विचारत होता, ‘काय मग, स्विच चालू आहे ना?’

त्यानंतरच्या मंगळवारी मला मेल आली. इन्कम टॅक्सचा रिफंड मंजूर झालाय, तपशील बघण्यासाठी लॉग इन करा. रिटर्न भरायची धांदल चालू, रिफंडची मी खरंच वाट बघत होते. क्लिक केलं. आमच्या ऑफिस मेलसारखंच दिसणारं पान उघडलं. आयडी टाकला, पासवर्ड टाकला. पान कोरं झालं. पोटात गोळा आला. घड्याळात सव्वाअकरा.

मला कळलं होतं. हे मी कबूल करते. त्या सेकंदाला मला कळलं होतं की काहीतरी घाण झालीये. त्याचं एक्स्टेन्शन तीन आकडी होतं, फोन हाताशी होता. पण डोळ्यांसमोर काय आलं? तो वर येतोय, सगळे बघतायत आणि तो म्हणतोय, ‘मॅडम, रिफंड मेलवर येत नसतो.’ मी फोन केला नाही. एक वाजता गुपचूप पासवर्ड बदलला, डबा खाल्ला आणि सुटलो असं समजले.

दीड-पावणेदोन तासांत त्या लोकांनी माझ्या मेलबॉक्समध्ये काय केलं असेल? आधी एक नियम लावून ठेवला. बाहेरून येणारी उत्तरं मला दिसूच नयेत, थेट कोपऱ्यातल्या एका फोल्डरमध्ये जाऊन पडावीत. मग आमच्या ग्राहकांना माझ्या नावाने, माझ्या सहीच्या पट्टीसकट मेल गेली की आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढची पेमेंट्स नव्या खात्यात करावीत. साडेतीनला नाशिकच्या एका ग्राहकाने शहाणपणा करून फोन केला, ‘खातं बदललंत का हो?’ दुसऱ्याने फोन केला नव्हता. त्याने पैसे पाठवून दिले होते, लाखाच्या घरात.

चारला आयटीवाला लॅपटॉप घेऊन मजल्यावर आला आणि विचारलं, ‘रिफंडच्या मेलवर कोणी क्लिक केलं का?’ सगळे गप्प. मीही गप्प! शेवटी पाच वाजता मी खाली त्याच्या खोलीत गेले. यूपीएसच्या शेजारची बिनखिडकीची खोली. मला वाटलं, आता हा माझी सालटी काढणार. त्याने एकच विचारलं, ‘किती वाजता?’

‘सव्वाअकरा.’

त्याने घड्याळाकडे बघितलं. मग विचारलं, ‘तोच पासवर्ड बँकेच्या पोर्टलला आहे का?’

होता. कंपनीच्या बँकेच्या पोर्टललाही मी तोच ठेवला होता, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. तो खुर्चीतून उठलाच. पुढच्या वीस मिनिटांत बँकेला फोन, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, माझे सगळीकडचे लॉग इन तोडणं, तो लपवलेला नियम काढणं, बाकीच्यांच्या इनबॉक्समधून ती मेल ओढून घेणं. बँकेचं पोर्टल वाचलं. ग्राहकाच्या पैशांपैकी काही गोठवता आले, काही गेले ते गेलेच.

नंतर मी त्याला विचारलं, ‘लॉगमध्ये माझं नाव दिसलं असेलच की, मग मजल्यावर येऊन का विचारलंस?’ तो म्हणाला, ‘नाव दिसतं हो. साडेतीनलाच दिसलं. पण तोच पासवर्ड अजून कुठे कुठे वापरलाय ते लॉगमध्ये नाही दिसत. ते तुम्हीच सांगणार.’

सव्वाअकराला सांगितलं असतं तर किती वेळाचं काम होतं, हेही विचारलं. पाच मिनिटांचं.

आणखी एक. लॉग इन करताना मोबाइलवर दुसरा कोड येण्याची सोय लावू या, अशी मेल त्याने जानेवारीतच सगळ्यांना केली होती. सेल्सवाल्यांनी बोंब मारली, पर्सनल मोबाइलवर ऑफिसचं ॲप कशाला? मॅनेजमेंट म्हणालं, बघू पुढच्या क्वार्टरला. ती मेल मी वाचलीसुद्धा नव्हती. ‘आयटी टीम’कडून आलेली मेल कोण वाचतं?

(मॉनिटरच्या स्विचची गोष्ट मी त्याला पुढे सांगितली. त्याला काही आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं!)

तो रात्री काय करतो

आयटीवाला दिवसा रिकामा दिसतो, कारण त्याचं खरं काम आपण घरी गेल्यावर सुरू होतं. अपडेट टाकायचे ते रात्री, सर्व्हर बंद करायचा तो रविवारी. बॅकअप नीट झाला का ते पहाटे बघायचं. हे सगळं धड पार पडलं तर काय होतं? काहीच होत नाही! सोमवारी सगळं चालू असतं आणि कोणाला काही कळत नाही. बिघडलं की मात्र अख्ख्या मजल्याला त्याचं एक्स्टेन्शन पाठ असतं.

१९ जुलै २०२४ आठवतोय? शुक्रवार होता. आपल्या सकाळच्या ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने जगभरच्या विंडोज मशीनवर एक सदोष फाइल पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन निळी पडली. आपल्या विमानतळांवर इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले आणि लोकांनी त्यांचे फोटो टाकून मजा केली. कंपनीने ७८ मिनिटांत चूक मागे घेतली खरी, पण तोवर जी मशीन निळी पडली होती त्यांतली बरीचशी सुरूच होत नव्हती. मग दुरून दुरुस्त कशी करणार? कोणीतरी एकेका मशीनपाशी जायचं, ते सेफ मोडमध्ये उघडायचं आणि ती फाइल हाताने पुसायची. डिस्कला कुलूप असेल तर आधी ४८ आकड्यांची किल्ली टाकायची. घरून काम करणाऱ्यांना ते ४८ आकडे फोनवर वाचून दाखवावे लागत होते, एकेक करून. एक चुकला तर परत! चूक त्यांची नव्हती. शिव्या मात्र त्यांनीच खाल्ल्या, कारण समोर तेच होते.

त्याच्या आधीची एक गोष्ट तर आपल्या अगदी दारातली आहे. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये घुसला. न्हावाशेव्याला, जेएनपीटीतल्या त्यांच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही विस्कळित झालं. कंपनीत कोण कोण आहे आणि कुणाला कुठे प्रवेश आहे, याची वही सांभाळणारे त्यांचे जवळपास दीडशे सर्व्हर होते. त्या सगळ्यांनी एकमेकांची नक्कल ठेवायची, म्हणजे एक गेला तर दुसरा आहे, असा हिशोब. सगळेच एकदम जातील असं कोणी धरलंच नव्हतं.

त्यातला एकच वाचला, आफ्रिकेत घानामध्ये. का? व्हायरस यायच्या आधी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगचे आभार मानायची वेळ कधी येईल असं वाटलं होतं? ‘वायर्ड’ मासिकाने २०१८ मध्ये ही हकीकत छापली. घानातून इंग्लंडला डेटा पाठवायला इंटरनेट फार मंद. तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एक जण ती हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनला आला. मर्स्कच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं, चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी दहा दिवसांत नव्याने उभे केले. ते दहा दिवस कुणी उभे केले असतील?

‘वायर्ड’च्या त्याच लेखात आणखी एक टोचणारी गोष्ट आहे. मर्स्कच्या आयटीतल्या काही अधिकाऱ्यांनी आदल्याच वर्षी नेटवर्कची सुरक्षा नव्याने बांधायचा आग्रह धरला होता. मंजुरी मिळाली होती, बजेटही मिळालं होतं. पण वरच्या साहेबांच्या बोनसच्या निकषांत ते काम नव्हतं, त्यामुळे ते पुढे सरकलं नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘यंदा काय काय झालं नाही’ असा रकानाच नसतो.

आपणही कमी नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला आणि ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांना रुग्ण परत पाठवावे लागले. विंडोजच्या ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. तुमच्या स्क्रीनवर आत्ता जी ‘नंतर आठवण करा’ची पट्टी आहे ना, ती तीच.

तो आपलं सगळं वाचतो का?

प्रत्येक पार्टीत हा विषय निघतो. उत्तर असं आहे की तो बरंच बघू शकतो, पण आपल्याला वाटतं तेवढं नाही. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे ऑफिसच्या नेटवर्कला साधारण कळतं. आतल्या पानावर काय वाचलंत हे सहसा कळत नाही, कारण ती वाहतूक कुलूपबंद असते. कंपनीने तुमच्या लॅपटॉपवर तपासणीची सोय बसवली असेल तर मात्र कळू शकतं. ऑफिसची मेल कंपनीच्या ताब्यात असते, त्यामुळे ठरवलं तर ती उघडता येते. आणि लॉग ठेवणं ही त्याची हौस नाही. सरकारच्या ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला आहे. सिस्टिमचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. सहा तास! त्यातले पावणेसहा तास तर मीच खाल्ले होते. (‘लक्षात आल्यापासून’ म्हणजे कोणाच्या लक्षात, हा प्रश्न मी वकिलांवर सोडते.)

चाव्या हातात असलेला माणूस बिथरला तर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड टेरी चाइल्ड्स या ॲडमिनने कोणालाच द्यायचे नाकारले. माझ्याशिवाय कोणी हे नीट सांभाळू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला अटक झाली. शेवटी खुद्द महापौर गॅव्हिन न्यूसम जेलमध्ये भेटायला गेले तेव्हा त्यांना त्याने पासवर्ड दिले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्या काळात नेटवर्क मात्र सुरळीत चालू होतं, एक मिनिटही बंद पडलं नाही. म्हणजे तो गुन्हेगार की अतिकर्तव्यदक्ष? मला विचाराल तर दोन्ही. एकाच माणसाकडे सगळ्या चाव्या देऊन वर्षानुवर्षं त्याच्याशी कोणी बोललंच नाही, तर त्या चाव्या आपल्याच असं त्याला वाटू लागलं तर नवल नाही.

याच्या अगदी उलटी गोष्ट ‘गिटलॅब’ची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री या कंपनीत एक इंजिनिअर थकलेल्या डोळ्यांनी डेटाबेस दुरुस्त करत होता. एका सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता, पण कमांड भलत्याच सर्व्हरवर गेली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, पण तोवर तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर एकामागून एक निकामी निघाले. नशिबाने त्यानेच सहा तास आधी एक प्रत काढून ठेवली होती. आता बघा, कंपनीने हे लपवलं नाही. काय चुकलं ते सगळ्या जगासमोर लिहून काढलं आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्या इंजिनिअरची नोकरी मात्र गेली नाही. त्याने पहिल्या मिनिटाला ‘माझ्याकडून झालं’ असं सांगितलं, म्हणून पुढचं सगळं सुरू होऊ शकलं. मला ती रात्र वाचताना माझा सव्वाअकराचा घोळ आठवतो आणि कानशिलं गरम होतात.

शुक्रवारची बाकरवडी

जुलैचा शेवटचा शुक्रवार हा ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर अ‍ॅप्रिसिएशन डे’ असतो. हसू नका, खरंच असतो. शिकागोच्या टेड केकाटोस या ॲडमिनने २००० मध्ये तो सुरू केला. एका मासिकात त्याने ह्युलेट-पॅकार्डची जाहिरात बघितली. नवे प्रिंटर आणल्याबद्दल ऑफिसातले लोक ॲडमिनला फुलं आणि फळांच्या टोपल्या द्यायला रांगेत उभे आहेत, असं चित्र. केकाटोसनेही नुकतेच तेच प्रिंटर बसवले होते आणि त्याला कोणी केळंसुद्धा दिलं नव्हतं. २०२४ मध्ये हा दिवस क्राउडस्ट्राइकच्या बरोबर एका आठवड्याने आला.

त्या शुक्रवारी मी माझ्या जुन्या ऑफिसात बाकरवडीचा पुडा घेऊन गेले. तो अजून तिथेच आहे. सहा वर्षं झाली, पण पगार दुसऱ्याच कंत्राटदार कंपनीचा, त्यामुळे गळ्यातल्या आयकार्डची पट्टी वेगळ्या रंगाची आणि अ‍ॅन्युअल पार्टीच्या मेलमध्ये नाव नाही. पार्टीचा प्रोजेक्टर लावायला मात्र त्यालाच बोलावतात. डोंबिवलीला राहतो, महिन्यातून दोनदा तरी शेवटची लोकल पकडतो. बाकरवडी खात त्याने विचारलं, ‘नव्या ऑफिसात तुमच्या लॅपटॉपचा बॅकअप होतो का?’ मला माहीत नव्हतं. ‘विचारून ठेवा,’ तो म्हणाला.

सोमवारी मी नव्या ऑफिसातल्या आयटीवाल्याकडे गेले. पहिल्यांदाच, काही बिघडलेलं नसताना. बिनखिडकीचीच खोली. त्याने मला दारात बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

‘काय झालं? काय उडवलंत?’

‘काही नाही. सहज आले, विचारायला.’

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मॉनिटर काळा पडला की बघतात. मग म्हणाला, ‘तरी लॅपटॉप घेऊन या. बघतो.’